हांदजावची जीभ

७ जानेवारी

वही नवी, राग जुना. लिहून काढलं की मन हलकं होतं म्हणतात. मला हलकं व्हायचं नाही. विसरू नये म्हणून लिहितेय.

हांदजाव म्हातारीच्या जिभेने माझ्या बहिणीची मुलगी खाल्ली. हे वाक्य मी तिच्या तोंडावर बोलणार आहे. पांढऱ्या महिन्याच्या सणाला सगळं खोरं तिच्या गेरात, त्या लोकरीच्या गोल तंबूत, तिला मान द्यायला जमतं, कारण वयाने तीच सगळ्यांत मोठी. त्या दिवशी कुणी वाईट शब्द तोंडातून काढत नाही. म्हणूनच मी काढणार. तिचे पाहुणे, तिचा चहा, तिच्या मिठायांची रास, आणि मध्ये माझं वाक्य.

दोन शरदांमागे मी गोवराची लस घेऊन खोऱ्यात फिरले, तेव्हा या बाईने बोलून ठेवलं की सुईत साथीच्या जनावराचं काहीतरी असतं. निम्म्या लोकांनी पोरं लपवली. माझी सख्खी बहीण गेरेल, तीसुद्धा म्हणाली, "ताई, पुढच्या वेळी देऊ." पुढच्या वसंतात गोवर आला. तिची होंगोर दोन वर्षांची होती. तिचं जावळ काढायचं ठरलं होतं, कात्रीला निळी रेशमी फीत बांधून ठेवली होती. ती कात्री अजून गेरेलच्या पेटीत आहे, फितीसकट.

गेरेल तेव्हा पोटुशी होती. मे महिन्यात मुलगा झाला. नाव ठेवलं एनेबिश, म्हणजे ‘हा तो नव्हे’. न्यायला येणाऱ्याने नाव ऐकून पुढे निघून जावं, म्हणून आमच्यात अशी नावं ठेवतात. पोरगा गोल आहे, गालांना चिमटा काढावा असा. फेब्रुवारीत नऊ महिन्यांचा होईल आणि मग त्याला गोवराची सुई देता येईल. आज विषय काढला तर गेरेल उठली आणि चुलीत शेण्या घालत बसली. चूल आधीच लालबुंद होती.

१२ जानेवारी

आमच्या ड्रायव्हरची, बातचुलूनची जीप आज पुन्हा ओढ्याच्या बर्फात रुतली. हा माणूस गाडीला शिव्या देतो आणि लगेच तिची माफी मागतो. निघेपर्यंत दुपार. लशीची पेटी मागे राहिली होती, मी ढकलत होते, तेव्हा तिच्याकडे कोण बघणार? बाकीचं जग लस गरम होते म्हणून रडतं, आमची गोठते. गोवराची पावडर असते, ती गोठून बिघडत नाही; तिच्यात मिसळायचं पाणी मी डगल्याच्या आत पोटाशी बांधलं होतं, तेही ठीक. पाच रोगांची लस मात्र गेली. हलवून पाहिलं, तळाशी नासल्या दह्यासारखे गोळे.

तालुक्याला फोन लावायला टेकडीवर चढले. तिथून हुकूम आला, नेहमीचाच: फोडा, चुना टाका, पुरा. या दिवसांत जमीन दगड असते. पहार फक्त गुरांच्या वाड्यात चालते, शेणाच्या उबेमुळे. सगळ्यांत जवळचा वाडा हांदजावचा. गेल्या खेपेलाही तिथेच पुरलं होतं. आमच्याकडे जमीन खणणं चांगलं मानत नाहीत, पण नियम म्हणजे नियम.

म्हातारी शेण गोळा करायची पाटी घेऊन उभीच होती. मी खणत होते, ती बघत होती. बातचुलून म्हणाला, "आजी, जरा बाजूला व्हा, चुना उडेल."

"काय पुरताय?" ती म्हणाली.

मी उत्तर दिलं नाही. तिच्याशी बोलायला माझ्याकडे एकच वाक्य आहे आणि ते आज खर्च करायचं नव्हतं.

१९ जानेवारी

झालं सुरू. पलीकडच्या वळणावर तीन गेरं आहेत. "कुत्रं धरा!" म्हणून ओरडले, तर कुत्रं कुणी धरलंच नाही. जीपमध्ये बसून राहिले. शेवटी एक बाई दारातून डोकावून म्हणाली, "पोरं मामाकडे गेलीत." तिच्या पाठीमागे एक पोरगं शेंबूड ओढत उभं होतं.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

"हे? हे असंच आलंय."

बातचुलून हसला. मी नाही. सुईत साथीच्या जनावराचं असतं, हेच पुन्हा फिरतंय, तेच शब्द. म्हणजे तोंडही तेच. वर्षभर गप्प होती, आता पुन्हा जीभ सुटली. का सुटली ते तिचं तिलाच ठाऊक. काहींना मुलं मेलेली बघवत नाहीत, काहींना जगलेली.

२३ जानेवारी

उपाय सापडला. मी भलतीच वाट बघत होते. सणापर्यंत कशाला थांबायचं?

आज चार घरी चहा प्यायले, आणि प्रत्येक ठिकाणी उठताना, डगल्याचा पट्टा आवळता आवळता, सहज म्हणाले, "हांदजाव आजीची जीभ जरा काळीच आहे, नाही?" बस, एवढंच. पुढचं लोकच बोलतात. एकीने आठवून सांगितलं, आजी तिच्या घोडीला ‘काय देखणी आहे’ म्हणाली होती आणि घोडी लंगडी झाली. दुसरी म्हणाली, आजी ज्या दिवशी थंडीला नावं ठेवते त्या रात्री मेंढ्या मरतात. मी नुसती मान हलवत होते. अफवा कशी पेरायची हे मला त्या म्हातारीनेच शिकवलं. शिष्या गुरूच्या पुढे गेली.

लिहायला लाज वाटत नाही. होंगोरचा श्वास कसा घरघरत होता ते मी ऐकलंय.

२ फेब्रुवारी

टेकडीवरून फोन. शेजारच्या तालुक्यात गोवराची मुलं निघाली आहेत. सणाला सगळे एकमेकांकडे जाणार, म्हणजे तो इथे येणारच. तालुक्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्सेंदआयुश, तुझ्या खोऱ्यातले आकडे लाजिरवाणे आहेत. अफवा आहे ना? मग भांडू नकोस. बसून ऐकून घे. त्यांनी नेमकं काय पाहिलं, काय ऐकलं ते विचार."

हे बोलायला तापलेल्या खोलीत बसावं लागतं. काय विचारायचं? तोंड कुणाचं ते मला ठाऊक आहे, आणि त्या तोंडाचा बंदोबस्त चालू आहे.

एनेबिशला रांगता यायला लागलं. गेरेल त्याच्या कपाळावर काजळीचा ठिपका लावते. मी म्हटलं, "ठिपक्याने गोवर थांबत नाही." तिने आणखी एक लावला.

१६ फेब्रुवारी, सणाचा दिवस

सकाळी नवा निळा डगला घातला, बटणं गळ्यापर्यंत लावली. जीपमध्ये वाक्य चारदा म्हणून पाहिलं. बातचुलूनने विचारलं, "काय पुटपुटताय? मंत्र?" म्हटलं, हो.

हांदजावच्या गेराबाहेर एकही घोडा नव्हता. गाडी नाही. मला वाटलं लवकर आले.

आत म्हातारी एकटी बसली होती. रेशमी डगला, केसांना तूप लावून चापून बांधलेले. समोर मिठायांची उतरंड रचलेली, वरचा साखरेचा खडासुद्धा हललेला नाही. उकडलेल्या मेंढीची शेपटी तशीच, चरबी गोठून पांढरी. चहाचे वाडगे उपडे घातलेले, एकाआत एक.

"आलीस," ती म्हणाली आणि हात पुढे केले. धाकट्याने थोरल्याच्या कोपरांखाली आपले हात द्यायचे, वर्षाची सुरुवात अशीच होते. शत्रूलासुद्धा देतात. मी दिले नाहीत. तिचे हात तसेच हवेत राहिले.

मला बोलायचं होतं. पण ऐकायला कोण होतं? रिकाम्या घरात कुणाला सुनावू? म्हटलं, "रस्ता चुकले," आणि बाहेर पडले.

माझं काम झालं म्हणायचं. सबंध खोऱ्यातून तिच्याकडे कुणी गेलं नाही. मी घरी येऊन भरपूर जेवले. चव लागली नाही, पण मटण जुनं असेल.

२० फेब्रुवारी

आज डोकं फुटायची वेळ आली.

सगळीकडे नकार, पूर्वीपेक्षा वाईट. पूर्वी निदान खोटं तरी बोलायचे, आता सरळ दार लावतात. पलीकडच्या वळणावरच्या त्याच बाईला गाठलं. "अगं, तुम्ही त्या म्हातारीकडे सणालासुद्धा गेला नाहीत. मग तिचं कशाला ऐकता?"

मी वेडी असल्यासारखी ती माझ्याकडे बघत राहिली. "डॉक्टरबाई, तुम्हीच म्हणालात ना, तिची जीभ काळी आहे?"

"मग?"

"मग ती बोलली ते खरं होणार! ती म्हणालीय, सुई वाईट. साधी बाई बोलली असती तर सोडून दिलं असतं. काळ्या जिभेचं कसं सोडू?"

बातचुलून स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसला होता. "डॉक्टरबाई, तुम्ही तिचा भाव वाढवलात," म्हणाला. मी त्याला गप्प बसवलं.

गेरेलकडे गेले. तिनेही तेच. पोराला छातीशी धरून म्हणाली, "आजीने बोलून ठेवलंय, ताई. आता आजीच उलटं बोलली तर. जी बोलली तिलाच ते परत घेता येतं."

नदीच्या वरच्या अंगाला एका घरी पोरांना ताप आहे. डोळे लाल, खोकला. उद्या-परवा पुरळ उठेल. गेरेलचं गेर तिथून घोड्यावर अर्ध्या दिवसाच्या वाटेवर.

२१ फेब्रुवारी

पुरळ उठलं. गोवरच.

मी त्या बाईकडे जाणार नाही.

२२ फेब्रुवारी

गेले.

सणाच्या दिवशी बसली होती तशीच बसली होती, फक्त डगला साधा. मी दारातूनच म्हटलं, "गोवर आलाय. लोकांना सांगा की सुई चांगली आहे. तुमचंच ऐकतील."

"माझं? माझी जीभ काळी आहे म्हणतात."

मी दार ओढून आत आले.

"सुरुवात कुणी केली तेही मला कळलंय. एवढं मोठं खोरं, पण तोंडं चाळीस. माझी जीभ तू काळी केलीस, आता तिच्याकडूनच आशीर्वाद मागायला आलीस?" तिला राग आला असता तर बरं झालं असतं. तिची तर करमणूक चालली होती. "बोलेन. पण आधी माझं राहिलेलं दे." आणि तिने हात पुढे केले.

दिले. तिची कोपरं पक्ष्याच्या हाडांसारखी होती. दात आवळून मी सणाचे शब्द म्हटले, तिने माझ्या गालाचा वास घेतला, रीतीप्रमाणे.

"आता जेव."

सणासाठी तिने केलेले बूझ, मटण भरलेले मोदकच ते, बाहेर पोत्यात गोठून पडले होते, खोऱ्याला पुरतील एवढे. तिने पहिली चाळण वाफेवर ठेवली. मी खाल्ले. दुसरी ठेवली. पोट भरलं म्हटलं तर म्हणाली, "हे नदीपलीकडच्यांच्या वाटणीचे. ते आले नाहीत." तिसऱ्या चाळणीला मला घाम फुटला. "हे तुझ्या बहिणीच्या वाटणीचे." सूड घ्यावा तर असा. मी फुकट मिरवत होते.

खाता खाता तिने सांगितलं. ऐकायची माझी इच्छा नव्हती, पण तोंड भरलेलं होतं.

"चुना टाकून काय पुरतात, सांग."

"बोला तुम्हीच."

"साथीने मेलेलं जनावर. जन्मभर दुसरं काही पुरलेलं मी पाहिलं नाही. तू माझ्या वाड्यात आलीस, पहार मारलीस, औषध चुना टाकून पुरलंस. त्याच औषधाची सुई दुसऱ्या दिवशी पोरांना. मी लोकांना एवढंच विचारलं, की बाबांनो, ही काय पुरतेय? तुलाही विचारलं, महिन्यापूर्वी. तू बोलली नाहीस."

बाईला म्हणे फक्त विचारायचं होतं! नियमाप्रमाणे पुरलं, त्यात बघण्यासारखं काय आहे? तरी मी पेटीतून एक नासलेली कुपी काढून दाखवली, ओढ्यात रुतलो त्या दिवशीची, पेटीच्या तळाशी राहून गेली होती. शेजारी चांगली धरली. दोन्ही हलवल्या. तिने डोळ्यांजवळ नेऊन पाहिल्या, खूप वेळ.

"नासली," ती म्हणाली.

"नासली. नासलेलं पोरांना देत नाही, म्हणून पुरलं. आणि गोवराची ही नव्हेच, ती वेगळी, पावडरीची."

"मग हे तेव्हा सांगायला काय झालं होतं?"

चौथी चाळण लागली होती, म्हणून मला उत्तर द्यावं लागलं नाही.

२३ फेब्रुवारी

तिला जीपमध्ये घालून फिरवायला लागले. मनात म्हटलं, बरी शिक्षा आहे. ऐंशीच्या पुढची बाई, बाहेर कडाक्याची थंडी, प्रत्येक दारात जाऊन आपलं बोलणं परत घ्यायचं. नाक घासायला लावीन.

कसलं नाक घासणं! प्रत्येक घरी तिला मानाच्या जागी बसवतात. सणाला न आल्याची लाज असते, म्हणून दुप्पट वाढतात. ती तपकिरीची डबी काढते, सगळ्यांना हुंगायला देते, माझ्या दोन कुप्या मागून घेते आणि खिदळत सुरू करते, "मी बघितलं होतं तिला पुरताना. मला वाटलं काहीतरी भलतंच. नासली होती ती! जी बाई नासलेलं फेकून देते, तिच्याकडचं उरलेलं चांगलं असणार की नाही?" आणि माना डोलतात. वर्षभर मी छापील कागद वाटून घसा फोडला, तेव्हा याच माना दगडाच्या होत्या.

पलीकडच्या वळणावरचं मामाकडे गेलेलं पोरगं आज घरी सापडलं. सुई देताना रडलं नाही, मलाच चावलं.

एक अट मात्र तिने घातलीय. "पुरायचं नाही. पुरलंस तर मी गाडीतून उतरले." म्हणून रिकाम्या कुप्या डब्यात भरून तालुक्याला न्याव्या लागणार. असू दे, तेवढीच खणायची कटकट वाचेल.

२५ फेब्रुवारी

लोक म्हणतात, हांदजाव आजीने पोरं वाचवली. बातचुलूनसुद्धा म्हणतो. सुया मी दिल्या! बोटं माझी गोठली! मी त्याला म्हटलं, "एवढी आवडते तर दत्तक जा तिला." म्हणाला, "विचारलं होतं. म्हणाली, आधी गाडी नीट चालवायला शीक."

गेरेलचं गेर मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. तिथे साक्षीदार आहेत. गेरेल आहे, कात्री आहे. तिथे आधी सुई, आणि मग माझं वाक्य. आजपर्यंत धार लावून ठेवलंय, वाया जाऊ देणार नाही.

२७ फेब्रुवारी

झालं. जसं घडलं तसं लिहिते.

गेरेलने आजीला बघितलं आणि उठून वाडग्यात चहा ओतला. आजीने चहा घेतला नाही, आधी पोराला मागितलं. एनेबिश तिच्या मांडीवर बसला आणि तिच्या तपकिरीच्या डबीवर झडप घालायला लागला. ती म्हणाली, "डॉक्टरबाई म्हणते माझी जीभ काळी आहे. असेल. मग काळ्या जिभेनेच सांगते. हा पोरगा पडेल, भांडेल, घोड्यावरून आपटेल, सुनेच्या शिव्या खाईल, म्हातारा होईल आणि माझ्यासारखा लोकांना नकोसा होईल. दे ग सुई."

मी गेरेलकडे बघितलं. तिने मान हलवली. सुई दिली. गोवर वरच्या अंगाला आहे तोवर दिली. तो ओरडला, मग आजीने डबी त्याच्या हातात दिली तेव्हा थांबला.

मग मी उभी राहिले. म्हटलं, "आजी, मला तुम्हाला काही सांगायचंय. गेरेलसमोर."

"सांग," म्हातारी म्हणाली. तिला माहीत असावं. तिने पोराला मांडीवरून खाली ठेवलं आणि ताठ बसली.

मी तोंड उघडलं आणि गेरेलच बोलली. "ताई, नको. काय बोलणार आहेस ते मला ठाऊक आहे. तू जीपमध्ये पुटपुटत असतेस, बातचुलूनने सांगितलं."

"मग ऐक तूही."

"आजीच्या बोलण्यामुळे मी होंगोरला सुई नाकारली नाही." तिने पेटीकडे बघितलं, माझ्याकडे नाही. "त्या शरदात मी आजीच्या वाड्यावर दूध न्यायला गेले होते. तू पुरत होतीस. चुना होता. मी स्वतः बघितलं, ताई."

"मग मला का नाही विचारलंस?"

"लाज वाटली. डॉक्टरची बहीण मी. लोक काय म्हणतील, हिला एवढंही माहीत नाही? आणि तू ना, कुणी काही विचारलं की अशी बघतेस." तिने आता माझ्याकडे बघितलं. "आत्ता बघतेस ना, तशीच."

मी कशी बघत होते मला माहीत नाही. घरात आरसा नव्हता. हांदजाव खाली बघून डगल्यावरचे चहाचे थेंब पुसत होती. चहा सांडला नव्हता.

गेरेलने पेटी उघडून कात्री काढली आणि माझ्या हातात दिली. म्हणाली, "एनेबिश तीन वर्षांचा झाला की पहिली बट तू काप." मी फीत बोटाभोवती गुंडाळत बसले. आजीने मला चहा दिला, मी प्यायले.

परत येताना म्हातारी मागच्या सीटवर झोपली. बातचुलूनने विचारलं, "आज पुटपुटत नाही? बोललात का शेवटी?"

नाही बोलले. ते वाक्य अजून माझ्याकडेच आहे. एवढे दिवस घासून घासून तयार केलेलं. आता ते कुणाला द्यायचं तेवढं कळत नाही.